‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की लगेच पासवर्ड बदलू नका: वेब ॲप डेटाबेसला जोडताना ॲडमिन लॉगिनचा गुंता कसा सोडवायचा

सकाळी साडेनऊला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. “सर, ऑर्डरचं पान उघडेना. पासवर्ड तर तोच आहे की. परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं.” परवा रात्री त्यांनी डेटाबेस जुन्या विंडोज पीसीवरून काढून नव्या उबुंटू सर्व्हरवर नेला होता. ॲप मात्र जुन्या पीसीवरच राहिलं होतं. मी पोचेपर्यंत रूटचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य ॲडमिन खात्याचा, पासवर्ड तीनदा बदलून झाला होता. गेटवर मालाने भरलेला टेम्पो डिलिव्हरी चलनाची वाट बघत उभा होता. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते स्वतः कीबोर्डसमोर बसून एकेक पासवर्ड टाकून बघत होते.

पासवर्ड पहिल्यापासून बरोबरच होता. चूक दुसरीकडेच होती. पासवर्ड बदलण्याच्या घाईत एक नवा बिघाडही तयार झाला होता आणि त्याचा कुणाला पत्ता नव्हता. त्या बिघाडाबद्दल पुढे सांगतो.

यंत्रमागावर धागा तुटला की कारागीर आधी माग थांबवतो आणि तुटलेलं टोक शोधतो. दिसेल ती गाठ सोडत सुटत नाही. लॉगिनच्या बाबतीतही तेच करायचं आहे. हा लेख मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेससाठी आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारखान्यांची, दुकानांची आणि क्लासेसची ॲप्स त्यांच्यावरच चालतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे. फोनवर सांगताना आपण कमांड जशा बोलतो तशाच इथे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक अर्थातच इंग्रजी वापरायचे.

कोणता ॲडमिन अडलाय?

“ॲडमिन लॉगिन होत नाही” या एका वाक्यामागे तीन वेगवेगळी माणसं असू शकतात. पहिला ॲपचा ॲडमिन, म्हणजे ब्राउझरमध्ये लॉगिनच्या पानावर नाव टाकणारा. त्याचं नाव आणि पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) तुमच्याच डेटाबेसमधल्या एखाद्या टेबलात असतो. दुसरा डेटाबेसचा ॲडमिन, म्हणजे मायएसक्यूएलमधला रूट. तिसरा मशीनचा ॲडमिन, म्हणजे विंडोजचा ॲडमिनिस्ट्रेटर किंवा लिनक्सचा रूट. लिनक्सचा रूट आणि मायएसक्यूएलचा रूट यांचं नाव एकच असलं तरी ती दोन वेगळी खाती आहेत. बराच गोंधळ इथूनच सुरू होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. लॉगिनचं पान उघडलं, नाव-पासवर्ड टाकला आणि ॲपने “पासवर्ड चुकीचा आहे” असं आपल्या भाषेत सांगितलं, तर ॲप डेटाबेसपर्यंत पोचलेलं आहे. तिथे डेटाबेसच्या परमिशनला हात लावायचं कारण नाही, ॲपच्या युझर टेबलात बघा. पानच उघडलं नाही, एरर ५०० आली किंवा पांढरा पडदा दिसला, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी आकडा वाचा

स्क्रीनवर नुसतं “काहीतरी चुकलं” असं येत असेल तर खरा निरोप लॉगमध्ये असतो. लॅराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) असेल तर स्टोरेज फोल्डरमधल्या लॉग्जमध्ये, साधं पीएचपी असेल तर पीएचपीच्या किंवा वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये. एरर दिसावी म्हणून चालू ॲपवर डीबग मोड लावून ठेवू नका, कारण त्या पानावर तुमच्या कॉन्फिगचे तपशील गिऱ्हाइकालाही दिसू शकतात.

मायएसक्यूएल ८ मध्ये नाकारलेल्या लॉगिनची नोंद सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये आपोआप होत नाही. ‘लॉग_एरर_व्हर्बॉसिटी’ची किंमत मुळात २ असते, ती ३ केली की नोंदी दिसायला लागतात. तपास चालू असेपर्यंत ती ३ ठेवावी.

आता आकड्यांकडे वळू. २००२ आणि २००३ या परमिशनच्या एरर नाहीतच. तुम्ही दारापर्यंत पोचलाच नाहीत, एवढाच त्यांचा अर्थ. २००३ सोबत १११ किंवा विंडोजवर १००६१ असा आकडा असेल, तर समोरच्या मशीनने जोडणी नाकारली आहे. सर्व्हिस बंद आहे किंवा ती त्या पत्त्यावर ऐकत नाही. ११० किंवा १००६० असेल, तर वाट बघून वेळ संपली आहे. बहुधा फायरवॉल मध्ये आडवी आली असते. उबुंटूवर मायएसक्यूएल मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतं, म्हणजे बाहेरच्या मशीनला दार बंदच असतं. एमवायएसक्यूएलडी.सीएनएफ फाइलमधली ‘बाइंड-ॲड्रेस’ची ओळ बदलून तिथे सर्व्हरचा लॅनमधला पत्ता टाकायचा, सर्व्हिस रीस्टार्ट करायची आणि फायरवॉलमध्ये ३३०६ हा पोर्ट फक्त ॲपच्या मशीनसाठी उघडायचा. राउटरवरून हा पोर्ट इंटरनेटला उघडा करून देणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल वापरा.

१०४५ (‘ॲक्सेस डिनाइड’) म्हणजे दारापर्यंत पोचलात, पण ओळख पटली नाही. या निरोपाच्या शेवटी ‘युझिंग पासवर्ड’ असं लिहून पुढे येस किंवा नो असतं. तिकडे फार कमी लोक बघतात, पण अर्धा तपास तिथेच होतो. ‘नो’ असेल तर ॲपने पासवर्ड पाठवलाच नाही, म्हणजे कॉन्फिग वाचलं गेलं नाही किंवा पासवर्डची जागा रिकामी आहे. अशा वेळी सर्व्हरवर कितीही पासवर्ड बदलले तरी काही फरक पडणार नाही. ‘येस’ असेल तर पासवर्ड गेला, पण तो चुकीचा तरी आहे किंवा चुकीच्या खात्याशी ताडून पाहिला गेला.

११३० म्हणजे तुमच्या मशीनच्या पत्त्यावरून येणाऱ्या कुणासाठीच सर्व्हरवर खातं नाही. १०४४ म्हणजे आत आलात, पण त्या डेटाबेसवर हक्क नाही. ११४२ म्हणजे डेटाबेसपर्यंत आलात, पण त्या टेबलावर ते विशिष्ट काम करायची परवानगी नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. इथे एक बारकावा आहे. ज्या युझरला त्या नावावर काहीच हक्क नाही त्याला, डेटाबेस अस्तित्वात नसला तरी, १०४४ च दिसते. त्यामुळे १०४४ आली की आधी नावाचं स्पेलिंग तपासा. लिनक्सवर अक्षर लहान की मोठं यानेही डेटाबेसचं नाव वेगळं ठरतं, विंडोजवर ठरत नाही. विंडोजवरून उबुंटूवर आलेल्यांना हे हमखास नडतं.

नावासोबत ठिकाणही लागतं

सोलापुरात नुसतं “अण्णा” अशी हाक मारली तर रस्त्यावरचे दहा जण वळून बघतील. “अशोक चौकातले, बीमवाले अण्णा” म्हटलं की एकच माणूस डोळ्यासमोर येतो. मायएसक्यूएलमध्ये खातं नेमकं असंच असतं. त्यात नाव असतं आणि तुम्ही कुठून आलात ते ठिकाणही असतं. ‘रूट’@‘लोकलहोस्ट’ (लोकलहोस्ट म्हणजे तेच मशीन) आणि ‘रूट’@‘१९२.१६८.१.१०’ ही दोन स्वतंत्र खाती आहेत. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, हक्कही वेगळे असू शकतात, आणि एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं नाही.

अण्णांच्या कारखान्यात हेच झालं होतं. जुन्या पीसीवर ॲप आणि डेटाबेस शेजारी शेजारी होते, म्हणून ॲप ‘रूट’@‘लोकलहोस्ट’ म्हणून आत जायचं. डेटाबेस नव्या मशीनवर गेल्यावर तेच ॲप ‘रूट’@‘१९२.१६८.१.१०’ म्हणून दार वाजवायला लागलं आणि त्या नावाचं खातं तिथे नव्हतंच. शिवाय नेताना फक्त एका डेटाबेसचा डंप (फाइलमधली नक्कल) काढला होता. अशा डंपमध्ये टेबलं येतात, युझर येत नाहीत. रिपोर्टसाठी कुणीतरी ‘%’ होस्टचं, म्हणजे कुठूनही येता येईल असं, दुसऱ्या नावाचं एक खातं नव्या सर्व्हरवर केलेलं होतं. त्यामुळे ११३० न येता १०४५ आली, आणि १०४५ बघून सगळ्यांना वाटलं की पासवर्डच चुकला.

सर्व्हरच्या मशीनवर ॲडमिन म्हणून शिरा आणि ही यादी बघा:

सिलेक्ट युझर, होस्ट, प्लगइन फ्रॉम मायएसक्यूएल.युझर;

एररमध्ये आलेलं नाव आणि ठिकाण या यादीतल्या कोणत्या ओळीशी जुळतं ते शोधा. होस्टच्या रकान्यातलं ‘%’ म्हणजे कुठूनही. एकापेक्षा जास्त ओळी जुळत असतील तर सर्व्हर आधी ज्या ओळीतलं ठिकाण जास्त नेमकं आहे ती धरतो. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये लोकलहोस्टसाठी नाव नसलेलं, निनावी खातं असायचं. तुमचं खातं ‘ऑर्डरॲप’@‘%’ असं असेल आणि तुम्ही लोकलहोस्टवरून आलात, तर ते निनावी खातं आधी जुळतं आणि तुमचा बरोबर पासवर्डही नाकारला जातो. यादीत नावाची जागा रिकामी असलेली ओळ दिसली तर ते खातं काढून टाका.

आत शिरलात, पण हक्क विचित्र वाटतात, अशा वेळी ही ओळ चालवा:

सिलेक्ट युझर(), करंट_युझर();

पहिल्यात तुम्ही काय सांगून आलात ते दिसतं, दुसऱ्यात सर्व्हरने तुम्हाला कोण म्हणून धरलं ते दिसतं. दोन्हींत फरक असेल तर हक्क दुसऱ्याचे लागतात. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी कमांड हीच.

लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की जोडणी सॉकेट फाइलमधून (मशीनच्या आतल्या वाटेने) होते, १२७.०.०.१ लिहिलं की नेटवर्कमधून. एकाने चालतं आणि दुसऱ्याने चालत नाही असं झालं तर दचकू नका, या फरकामुळेच तसं होतं. ॲप डॉकरमध्ये (ॲपला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) असेल तर त्याच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तुमचं मशीन नव्हे. तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव होस्ट म्हणून द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार वेळा घडते. वीज जाऊन येते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि ॲपच्या मशीनला नवा आयपी पत्ता देतो. कालचा १० आज १७ होतो. खातं १० साठीच होतं, त्यामुळे कुणी कशाला हात न लावताही ॲप बंद पडतं. राउटरमध्ये त्या मशीनचा पत्ता कायमचा बांधून ठेवा. ते शक्य नसेल तर खात्याचा होस्ट ‘१९२.१६८.१.%’ असा ठेवा.

हाताने करून बघा, पण ॲपच्या जागेवरून

बरेच जण सर्व्हरवर बसून रूटने लॉगिन करतात, ते चालतं, आणि “डेटाबेस तर ठीक आहे” असं सांगतात. ही तपासणी उपयोगाची नाही. जिथे ॲप चालतं त्याच मशीनवरून, ॲपच्याच युझरने, ॲपच्याच होस्टच्या पत्त्यावर जाऊन बघायला हवं:

मायएसक्यूएल -एच १९२.१६८.१.२० -यू ऑर्डरॲप -पी गोडाऊन

इथे ‘-पी’ नंतर जागा सोडून जे लिहिलं जातं ते पासवर्ड नसतं, डेटाबेसचं नाव असतं. पासवर्ड नंतर विचारला जातो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक तिथे पासवर्ड लिहितात आणि मग “या नावाचा डेटाबेस नाही” अशी एरर बघून चक्रावतात.

हाताने जमलं आणि ॲपला जमत नसेल, तर दोष ॲपच्या कॉन्फिगमध्ये आहे. हाताने पण जमलं नाही, तर दोष सर्व्हरवरच्या खात्यात आहे. हा निकाल लागल्याशिवाय पुढे कशालाही हात लावू नका.

कॉन्फिगमधल्या चुका ठरलेल्याच आहेत. लॅराव्हेलमध्ये ‘.ईएनव्ही’ फाइल बदलली, पण कॉन्फिग कॅश जुनीच राहिली. ‘पीएचपी आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर’ चालवेपर्यंत ॲप जुनाच पासवर्ड वापरत राहतं. नोड किंवा जावाचं ॲप असेल तर ते रीस्टार्ट केल्याशिवाय नवं कॉन्फिग वाचत नाही. पासवर्डमध्ये # असेल आणि त्याला अवतरणचिन्हं नसतील, तर ‘.ईएनव्ही’मध्ये # पासून पुढचा भाग टिप्पणी समजला जाऊ शकतो. जोडणी यूआरएलच्या रूपात लिहिली असेल आणि पासवर्डमध्ये @ असेल, तर त्या @ नंतरचा भाग होस्टचं नाव समजला जाऊ शकतो. तिथे @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहायचं. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते, तीही बघा.

उबुंटूवरचा रूट आणि अण्णांचा बॅकअप

आता त्या दुसऱ्या बिघाडाकडे येतो. उबुंटूवर मायएसक्यूएल बसवलं की रूट खात्याला ‘ऑथ_सॉकेट’ नावाचं प्लगइन (ओळख तपासायची पद्धत) लागलेलं असतं. मारियाडीबीत १०.४ पासून ‘युनिक्स_सॉकेट’ असतं. यात पासवर्ड बघितलाच जात नाही. मशीनवर तुम्ही कोण म्हणून बसलात ते बघितलं जातं. ‘सुडो मायएसक्यूएल’ म्हटलं की थेट आत जाता. वेब ॲप मात्र ‘www-डेटा’सारख्या दुसऱ्याच युझरने चालत असतं, म्हणून त्याला रूट कधीच मिळत नाही, पासवर्ड काहीही द्या. तेव्हा १६९८ हा आकडा दिसतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे आणि ती चांगली आहे.

इंटरनेटवर यावर एक उपाय सगळीकडे दिसतो: रूटचं प्लगइन बदला आणि त्याला पासवर्ड द्या. अण्णांकडे तेच केलं गेलं. त्यामुळे ॲप सुरू झालं नाही, कारण खरी अडचण होस्टची होती. पण रोज रात्री दोन वाजता सॉकेटवरून, पासवर्डशिवाय चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट मात्र अडली. मी फोल्डर उघडून बघितलं तर शेवटच्या रात्रीची फाइल तारखेसकट हजर होती आणि तिचा आकार शून्य बाइट होता. डंप नाकारला गेला तरी शेल आधी रिकामी फाइल तयार करून ठेवतं, त्यामुळे नुसती फाइल बघून काही कळत नाही. रूटला हात लावला असेल तर आजच बॅकअप फाइलचा आकार बघा. मायएसक्यूएलमध्ये रूट पूर्ववत करायची कमांड अशी:

आल्टर युझर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड विथ ऑथ_सॉकेट;

जुनं पीएचपी, नवं मायएसक्यूएल

नाव, होस्ट, पासवर्ड सगळं बरोबर आहे आणि तरी २०५४ किंवा २०५९ येते, निरोपात ‘ऑथेंटिकेशन मेथड’ किंवा ‘प्लगइन’ असे शब्द दिसतात. मायएसक्यूएल ८.० पासून नव्या खात्यांना ‘कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड’ ही पद्धत लागते. जुन्या पीएचपीला ती समजत नाही, ७.४ पासून नीट समजते. खात्याची पद्धत मागे नेऊन ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’ करायचा उपाय अजून सांगितला जातो, पण ८.४ मध्ये ती पद्धत मुळात बंद ठेवलेली आहे आणि ९.० मध्ये काढूनच टाकली आहे. म्हणून पीएचपी किंवा ड्रायव्हर वर आणा. मागे जाण्यात श्रम वाया जातील.

ॲपसाठी स्वतःचं खातं

आता मुख्य काम. रूटने चालतं हे दिसलं की रूटच ठेवून देण्याचा मोह होतो, आणि टेम्पो गेटवर उभा असताना तो फार होतो. तरीही करू नका. रूटचा पासवर्ड ॲपच्या फाइलमध्ये असला की ॲपमधल्या एका चुकीच्या फॉर्ममधून सगळे डेटाबेस उघडे पडतात, फक्त ऑर्डरचा नाही.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. मायएसक्यूएल एका वेळी किती जोडण्या घेईल याला मर्यादा असते, मुळात ती १५१ असते. ती भरली की १०४० येते. अशा वेळी ॲडमिनला आत येऊन अडकलेल्या जोडण्या मोकळ्या करता याव्यात म्हणून सर्व्हर एक जादा जागा राखून ठेवतो आणि ती फक्त ॲडमिनचे हक्क असलेल्यांनाच मिळते. ॲपच रूट म्हणून चालत असेल तर ती राखीव जागाही ॲपच खातं, आणि ऐन अडचणीत तुम्ही बाहेर राहता.

खातं करायच्या ओळी दोनच आहेत:

क्रिएट युझर 'ऑर्डरॲप'@'१९२.१६८.१.१०' आयडेंटिफाइड बाय 'लांब पासवर्ड';

ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट ऑन गोडाऊन.* टू 'ऑर्डरॲप'@'१९२.१६८.१.१०';

पूर्वी नुसत्या ग्रँटने खातंही तयार व्हायचं. मायएसक्यूएल ८ मध्ये तसं होत नाही, १४१० एरर येते. त्यामुळे आधी क्रिएट, मग ग्रँट. डेटाबेसच्या नावात अंडरस्कोअर असेल तर ग्रँटमध्ये त्याचा अर्थ “इथे कोणतंही एक अक्षर” असा घेतला जातो. ‘माल_१’साठी दिलेला हक्क ‘मालक१’लाही लागू होईल. तो टाळायला अंडरस्कोअरच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या आणि नाव बॅकटिकमध्ये ठेवा.

दिलेलं बरोबर बसलं का ते ‘शो ग्रँट्स फॉर’ आणि पुढे पूर्ण खातं लिहून बघा. ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ लिहायची सवय बऱ्याच जणांना असते. क्रिएट, आल्टर, ग्रँट वापरलं तर त्याची गरज नसते, सिस्टिम टेबलात थेट अपडेट केलं असेल तरच लागते. मात्र आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांना पासवर्डमधला किंवा ग्लोबल हक्कातला बदल लागू होत नाही. म्हणून शेवटी ॲप एकदा रीस्टार्ट करा.

टेबल तयार करणं, रकाने वाढवणं ही कामं अपडेटच्या दिवशीच लागतात. त्यासाठी ‘क्रिएट, आल्टर, ड्रॉप, इंडेक्स, इन्सर्ट’ हक्कांचं वेगळं खातं ठेवा आणि त्याचा पासवर्ड ॲपच्या फाइलमध्ये ठेवू नका. रिपोर्ट काढणाऱ्या दिवाणजींसाठी फक्त सिलेक्टचं तिसरं खातं करा.

शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेल असेल तर यातलं बरंच काही तुमच्या हातात नसतं. तिथे युझर आणि डेटाबेस दोन्हींच्या आधी तुमच्या होस्टिंग खात्याचं नाव आणि अंडरस्कोअर जोडलेलं असतं. कॉन्फिगमध्ये ते पूर्ण नाव लिहावं लागतं. युझर तयार करणं आणि तो डेटाबेसला जोडणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी राहिली की १०४४ येते.

क्लासमध्ये किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी झॅम्प वापरत असाल, तर तिथे रूटला मुळात पासवर्डच नसतो. तुम्ही तो दिलात की पीएचपीमायॲडमिन लगेच बंद पडतं, कारण त्याच्या कॉन्फिग.इंक.पीएचपी फाइलमध्ये रिकामा पासवर्ड लिहिलेला असतो. तिथेही बदल करा.

व्ह्यू आणि ट्रिगर अडकले तर

लॉगिन झालं, बहुतेक पानं चालतात आणि नेमकं स्टॉकचं पान १४४९ देतं. व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी), ट्रिगर (टेबलात बदल होताच आपोआप चालणारं काम), प्रोसीजर (साठवून ठेवलेला कमांडचा संच) यांच्यावर तयार करणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, त्याला डिफायनर म्हणतात. ते खातं नव्या सर्व्हरवर नसेल तर व्ह्यू चालत नाही. जुन्या डेव्हलपरच्या नावाचं खातं पुन्हा तयार करून मोकळं होऊ नका. नव्या सर्व्हरवर खरोखर असलेलं खातं डिफायनर म्हणून देऊन व्ह्यू पुन्हा तयार करा, किंवा ‘एसक्यूएल सिक्युरिटी इन्व्होकर’ लावा, म्हणजे वापरणाऱ्याचे हक्क बघितले जातील.

रूटचाच पासवर्ड हरवला असेल तर

‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ लावून सर्व्हर सुरू करण्याचा मार्ग सगळ्यांना माहीत आहे, पण त्या काळात पासवर्डशिवाय कुणीही आत येऊ शकतं. त्यापेक्षा सुरक्षित मार्ग असा: एका टेक्स्ट फाइलमध्ये रूटसाठी आल्टर युझरची एकच ओळ लिहा, सर्व्हर बंद करा आणि ‘इनिट-फाइल’ या पर्यायात त्या फाइलचा पत्ता देऊन सुरू करा. सुरू होताना सर्व्हर ती ओळ स्वतः चालवतो. काम झालं की फाइल पुसून टाका, तिच्यात पासवर्ड उघडा आहे.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी

तिथे बहुतेक लॉगिन अपयशांना एकच आकडा मिळतो, १८४५६, आणि ॲपला दिसणारी स्टेट (कारण सांगणारा जोड-आकडा) सहसा १ असते. खरी स्टेट सर्व्हरच्या एररलॉग फाइलमध्ये असते. ५ म्हणजे ते लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो आणि तुम्ही एसक्यूएल लॉगिन पाठवताय. विंडोजचे ॲडमिनिस्ट्रेटर २००८ च्या आवृत्तीपासून आपोआप डेटाबेसचे ॲडमिन राहिलेले नाहीत. हे माहीत नसल्याने “मी ॲडमिन आहे तरी आत का जाता येत नाही” हा प्रश्न पडतो. आयआयएसवरचं (विंडोजच्या वेब सर्व्हरवरचं) ॲप विंडोज लॉगिन वापरत असेल, तर ते तुमच्या नावाने जात नाही, डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर सहसा ॲप्लिकेशन पूलच्या नावाने जातं. परवानगी त्या नावाला द्यायची. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर रीस्टोअर केला की डेटाबेसमधला युझर आणि सर्व्हरवरचं लॉगिन यांची नाळ तुटते, नाव सारखं दिसत असलं तरी. ‘आल्टर युझर’ लिहून पुढे ‘विथ लॉगिन’ देऊन ती पुन्हा जोडता येते.

अण्णांकडे आम्ही केलं ते एवढंच. जुन्या पीसीचा पत्ता राउटरमध्ये बांधला. ऑर्डरॲपचं खातं त्या पत्त्यासाठी तयार केलं, चार हक्क दिले, जुन्या पीसीवरूनच हाताने लॉगिन करून बघितलं, कॉन्फिगमध्ये नाव बदललं आणि कॅश साफ केली. गडबडीत कुणीतरी ‘रूट’@‘%’ असं खातं करून ठेवलेलं सापडलं, ते ड्रॉप केलं. रूटला पुन्हा सॉकेटवर आणलं, बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली आणि फाइल मेगाबाइटमध्ये भरल्याची खात्री केली. चलन छापून निघालं तेव्हा बारा वाजत आले होते. अण्णांनी ते ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “सर, त्या फाइलचा आकार रोज सकाळी कुठं बघायचा, तेवढं दाखवून जावा की.”